महिन्याची यादी कुणाकडे?

नाशिकच्या किराणा बाजाराचा महिना सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतल्या पगारावर चालतो. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याने महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि त्याहून मोठ्या कारखान्याने दहाच्या आत पगार द्यावा, असे १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमाने घालून दिले होते. सिडको, सातपूर, अंबड, नाशिकरोड या भागांतल्या हजारो घरांचे खर्चाचे वेळापत्रक या दोन तारखांभोवती बसले. पगार हातात आला की यादी निघायची. तूरडाळ, साखर, पोहे, शेंगदाणे, तेलाचा डबा, चहापत्ती, अंगाचा साबण, कपड्यांचा साबण. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या हातात यादी द्यायची, वहीतली मागच्या महिन्याची बाकी चुकती करायची आणि संध्याकाळपर्यंत दुकानातला पोऱ्या सायकलवरून माल घरी पोहोचवायचा. मधल्या दिवसांत काही लागले तर मुलाला पिटाळायचे: ‘काकांना सांग, वहीत मांडा.’

आज नाशिकमध्ये सगळी चढाओढ चालली आहे ती या यादीसाठी. किराणा दुकानात रोज ये-जा करणारे गिऱ्हाईक पुष्कळ असते, पण दुकानाचा खर्च आणि घर चालते ते महिन्याच्या याद्यांवर. ही यादी आता फुटली आहे. तेल, साखर, साबण, डिटर्जंट असा जड आणि ठरलेला माल डीमार्टसारख्या मोठ्या दालनाकडे जातो. ऐन वेळी आठवलेली वस्तू मोबाइलवरच्या ॲपकडे जाते. उरलेले, म्हणजे पाच रुपयांचे जिरे, सुटा गूळ आणि उधारी, वाण्याकडे येते. ही वाटणी गिऱ्हाइकाच्या चंचलपणामुळे झाली असे म्हणणे सोपे आहे, पण माझ्या मते ते बरोबर नाही. तिचा निकाल दुकानाच्या मागच्या दाराशी लागतो: माल कोणाला किती भावात मिळतो आणि त्याचे पैसे कोण किती दिवसांत देतो.

आधी हे शहर कसे वाढले ते पाहू. गोदाकाठचे जुने नाशिक, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली, सातपूर अशा निरनिराळ्या वस्त्या १९८२ मध्ये महापालिकेत एकत्र आल्या. ओझरला विमानांचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना, सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहती आणि त्यांच्या आधाराने सिडकोने वसवलेले नवीन नाशिक. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली. खानदेशातून, कसमादे पट्ट्यातून, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांनी घरे घेतली आणि त्यांच्यातल्याच कोणीतरी घराच्या पुढच्या खोलीला शटर लावून दुकान काढले. या दुकानांचे बळ त्या शटरमागेच आहे. जागा स्वतःची, म्हणून भाडे नाही. गल्ल्यावर नवरा, दुपारी बायको, संध्याकाळी कॉलेजातून आलेला मुलगा, म्हणून पगार नाही. शिवाय कळण्याचे पीठ, उडदाची डाळ, बाजरी, नागली यांतले कोणत्या गल्लीत काय खपते हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. तो त्याच गल्लीत राहतो.

या दुकानांना माल पुरवणारा घाऊक बाजार मात्र जुन्या गावातच राहिला. रविवार कारंजा आणि त्याच्या आजूबाजूच्या पेठांत पोत्यांनी आणि डब्यांनी व्यवहार होतो. त्र्यंबक, हरसूल, पेठ, दिंडोरीकडचे छोटे दुकानदार गाडी घेऊन येतात, वर्षानुवर्षांच्या ओळखीवर माल उचलतात आणि पैसे पुढच्या खेपेला देतात. भुसार माल येथून येतो. साबण, बिस्किटे, टूथपेस्ट यांची साखळी वेगळी असते. तिथे कंपनी, तिचा वितरक, वितरकाचा सेल्समन आणि मग दुकान. सेल्समन आठवड्याच्या ठरलेल्या वारी येतो, मागणी टिपून घेतो, ‘बारा घेतल्या तर एक फुकट’ अशी स्कीम सांगतो आणि मागच्या बिलाचे पैसे मागतो.

दोन्ही साखळ्या उधारीवर चालतात आणि उधारीचे एक टोक थेट शेतात असते. दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात द्राक्षाचे पैसे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हातात येतात. तोपर्यंत गावचा दुकानदार घरे चालवतो. छाटणीला आलेल्या मजुरांचे तेल-मीठही बागाईतदाराच्या नावावर त्याच वहीत चढते. एखाद्या वर्षी गारपीट झाली, नाहीतर माल उचलून व्यापारी पैसे न देता परागंदा झाला, तर धक्का शेतकऱ्यापाशी थांबत नाही. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांचे बुडीत पैसे व्यापाऱ्यांकडून वसूल करून देण्याची मोहीम हाती घेतली होती. त्या वसुलीची वाट शेतकऱ्याइतकीच गावोगावचे किराणा दुकानदारही पाहत असणार, कारण शेतकऱ्याचे बुडाले की त्यांच्या वहीतलेही बुडते.

उधारीची किंमत दुकानदार स्वतः क्वचितच मांडतो. समजा, एका दुकानाची दोन लाख रुपयांची उधारी सतत बाहेर आहे. वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर २४ हजार रुपये होतात. हे व्याज तो गिऱ्हाइकाकडून घेत नाही, ते मालाच्या भावात मुरलेले असते. म्हणून रोखीने घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही वाण्याचा भाव थोडा चढा वाटतो. ज्याला उधारी नको असते, त्यानेही तिचे व्याज का भरावे? असे रोखीचे गिऱ्हाईक पहिल्यांदा डीमार्टकडे गेले, आणि मला ते पूर्ण न्याय्य वाटते.

राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये मुंबईत पवईला डीमार्टचे पहिले दुकान सुरू केले. आज नाशिकसह राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांत त्यांची दालने आहेत. मार्च २०२५ अखेर देशभरात त्यांची ४१५ दुकाने होती आणि त्या वर्षीची विक्री सुमारे ५७ हजार ८०० कोटी रुपयांची होती. निव्वळ नफा रुपयामागे पाच पैशांच्या आसपास पडतो. नाशिककर तिथे स्वस्ताईसाठी जातो, पण ती स्वस्ताई येते कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. किरकोळीतल्या मोठ्या कंपन्या पुरवठादाराचे पैसे महिना-दोन महिने अडकवून ठेवतात. डीमार्ट ते साधारण आठवडाभरात चुकते करते. माल दुकानात महिनाभर राहत असला तरी पैसे आधीच दिलेले असतात. इतक्या लवकर पैसे देणाऱ्याला पुरवठादार भाव तोडून देतो. दुसरे म्हणजे जागा शक्यतो विकत घेतलेली किंवा फार लांब मुदतीच्या कराराची असते. तिसरे, फिरणाराच माल ठेवायचा. एका वस्तूचे वीस प्रकार ठेवून कपाट सजवायचे नाही.

यातल्या भाडे नसण्याच्या बाबतीत डीमार्ट आणि सिडकोतला वाणी एकाच बाजूला आहेत. भाड्याच्या मॉलमध्ये दिमाखाने उभ्या राहिलेल्या दालनांचे काय झाले हे नाशिकनेही पाहिले. किशोर बियाणींचे बिग बझार २००१ मध्ये सुरू झाले. भारतातल्या मध्यमवर्गाला ट्रॉली ढकलायला त्यांनीच शिकवले. दुकाने भाड्याची, विस्तार कर्जावर. २०२०च्या टाळेबंदीत विक्री रोडावली तरी भाडे आणि हप्ते थांबेनात. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सबरोबर २४ हजार ७१३ कोटींचा सौदा जाहीर झाला, ॲमेझॉनने त्याला हरकत घेतली, वाद लवादात आणि न्यायालयांत गेला. दरम्यान अनेक दुकानांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने त्या जागांचा ताबा घेतला आणि पुढे तिथे स्मार्ट बझारच्या पाट्या आल्या. त्याच टाळेबंदीत अत्यावश्यक सेवा म्हणून किराणा दुकाने उघडी होती आणि गल्लीगल्लीत पिशव्या पोहोचवत होती. मोठा दुकानदार टिकतो आणि छोटा मरतो, असा नियम या बाजारात नाही. टिकतो तो ज्याच्या डोक्यावर भाड्याचे आणि व्याजाचे ओझे कमी.

भाडे नसल्याने वाणी तग धरतो, पण खरेदीच्या भावात तो हरतो. समजा, साबणाच्या संचाची छापील किंमत १०० रुपये आहे आणि वितरकाकडून दुकानदाराला तो ९० रुपयांना मिळतो. मोठ्या दालनात तोच संच गिऱ्हाइकाला ८८ रुपयांना मिळत असेल, तर दुकानदाराने काय करावे? असे प्रसंग काल्पनिक नाहीत. कंपनीची स्कीम लागली की कित्येक दुकानदार स्वतःच दालनातून माल उचलून आणतात. वितरकापेक्षा तिथे स्वस्त पडतो.

२०२१च्या अखेरीस या फरकाचा संताप महाराष्ट्रातच बाहेर पडला. रिलायन्सचे जिओमार्ट, मेट्रो आणि उडान यांच्यासारखे नवे घाऊक विक्रेते किराणा दुकानदारांना थेट माल देऊ लागले होते आणि त्यांचा भाव वितरकाच्या भावापेक्षा कमी होता. दुकानदार सेल्समनला मोबाइलवरचा भाव दाखवून विचारू लागले, ‘तुम्ही आम्हाला इतकी वर्षं फसवत होतात का?’ वितरकाचा चढा भाव तर कंपनीनेच ठरवलेला असायचा. अखिल भारतीय ग्राहकोपयोगी वस्तू वितरक महासंघाने कंपन्यांना पत्र दिले: आम्हाला आणि त्यांना एकच भाव द्या. १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाची विक्री थांबवली. हिंदुस्थान युनिलिव्हरने चर्चेची तयारी दाखवल्यावर त्या कंपनीविरुद्धचे पाऊल स्थगित झाले. टूथपेस्टच्या खोक्यांवरून झालेला हा तंटा वर्तमानपत्रांच्या अर्थपानावर दोन-तीन आठवडे राहिला आणि विसरला गेला. मला तो या सगळ्या कथेचा गाभा वाटतो, कारण त्यात मदतीची किंवा संरक्षणाची मागणी नव्हती. एकाच वस्तूला एकच घाऊक भाव, एवढेच मागणे होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस पारडे आणखी झुकले. जर्मन कंपनी मेट्रोचा भारतातला घाऊक व्यवसाय रिलायन्सने २,८५० कोटींना घेण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले आणि मे २०२३ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. म्हणजे वाण्याला घाऊक माल देणारा आणि वाण्याच्या गिऱ्हाइकाला किरकोळ माल विकणारा एकाच घरचा झाला.

मग ॲप आले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ग्रोफर्सने डिसेंबर २०२१ मध्ये ब्लिंकिट हे नाव घेतले आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ती कंपनी विकत घेतली. झेप्टो २०२१ मध्ये मुंबईत सुरू झाले, स्विगीचे इन्स्टामार्ट त्याच्या आदल्या वर्षी. मुंबई-पुण्यानंतर ही मंडळी नाशिकसारख्या शहरांकडे वळली. यांचे दुकान गिऱ्हाइकाला दिसतच नाही. दोन-तीन किलोमीटरच्या टापूच्या मध्यावर एक गोदाम असते, त्यात हजारो वस्तू खणांत लावलेल्या असतात आणि मागणी आली की काही मिनिटांत पिशवी भरून मुलगा दुचाकीवर निघतो. हे गणित जमायला टापूत दिवसाला भरपूर मागण्या लागतात. म्हणून कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर इथल्या इमारतींत ते जमते. म्हसरूळच्या पुढच्या विरळ वस्तीत किंवा आडगावच्या मळ्यांत ते जमवणे कठीण.

आश्चर्याची गोष्ट म्हणजे ॲपचा पहिला चटका महानगरांत डीमार्टलाच बसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिमाही निकाल सांगताना कंपनीनेच कबूल केले की, मोठ्या महानगरांतल्या भरपूर विक्रीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम स्पष्ट दिसतो आहे. लगेच समभाग कोसळले. त्याच महिन्यात वितरक महासंघाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. या कंपन्या तोटा सोसून, भांडवलदारांच्या पैशावर भाव पाडतात आणि वर्षभरात दोन लाख किराणा दुकाने बंद पडली, असा त्यांचा दावा होता. हा आकडा दावा म्हणूनच वाचावा. दुकान बंद का झाले याची नोंद आपल्याकडे कोणी ठेवत नाही, आणि मुलाने वडिलांच्या गल्ल्यावर बसायला नकार दिला तरी शटर खाली येतेच.

ॲपवाल्यांची पुढची चालही खरेदीच्या भावाचीच आहे. परकीय मालकीच्या ऑनलाइन कंपनीला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, ती फक्त बाजारपेठ चालवू शकते. झोमॅटोच्या मूळ कंपनीने २०२५ मध्ये आपल्यातला परकीय हिस्सा ४९.५ टक्क्यांवर रोखून धरण्याचा निर्णय घेतला. भारतीय मालकीची कंपनी ठरली की ब्लिंकिटला कंपन्यांकडून थेट माल घेता येतो, मधला विक्रेता गळतो आणि भाव आणखी खाली आणता येतो. ‘दहा मिनिटांत घरपोच’च्या जाहिरातींपेक्षा हा कागदोपत्री बदल नाशिकच्या वाण्याला जास्त महागात पडणार आहे.

या झुंजीत वाण्याची भक्कम जागा कोणती? एक आहे सुटा माल. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. पोत्यातून मापून दिलेल्या धान्यावर तो नाही. दुसरी जागा आहे वर्षाची साठवण. मार्च ते मे या काळात नाशिकमध्ये अजूनही असंख्य घरांत वर्षाचा गहू भरतात. लोकवन घ्यायचा की शरबती, यावर घरात चर्चा होते. मूठभर गहू नमुना म्हणून घरी नेतात, दळून पोळी करून बघतात आणि मगच पोती सांगतात. निवडलेल्या गव्हाला एरंडेलाचा हात लावून कोठीत भरायचे. त्याच दिवसांत मसाल्याची मिरची, धने, खोबरे आणि पापडाची नागली. हा सगळा व्यवहार नमुन्यावर आणि शब्दावर चालतो. गहू किडका निघाला तर जाब कोणाला विचारायचा, हे गिऱ्हाइकाला माहीत असते. इथे ॲपला अजून शिरकाव नाही.

सरकारी नियम मात्र नकळत मोठ्या जागेच्या बाजूने झुकतात. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. नाशिकच्या द्राक्षवाइन उद्योगाला बाजार मिळावा हा हेतू होता. अट अशी की दुकान किमान १०० चौरस मीटरचे हवे. विरोधामुळे तो निर्णय अमलात आला नाही, पण आला असता तर नाशिकच्याच मातीतला माल नाशिकच्या बहुतेक वाण्यांना विकता आला नसता.

खरेदीच्या भावाचा हा झगडा पाहणारे नाशिक काही पहिले नाही. अमेरिकेत १९३०च्या सुमारास ए अँड पी या एका कंपनीची जवळपास १६ हजार किराणा दुकाने होती. ती पुरवठादारांना दमात घेऊन इतरांना न मिळणारा भाव मिळवते, अशी गावोगावच्या दुकानदारांची तक्रार होती. १९३६ मध्ये तिथे रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला: एकाच मालाला दोन दुकानदारांना वेगळे भाव लावायचे, तर खर्चातला खरा फरक दाखवा. पुढच्या दशकांत त्या कायद्याचा वापर मंदावला, वॉलमार्टसारख्या साखळ्या वाढल्या आणि खुद्द ए अँड पी २०१५ मध्ये बंद पडली. आपल्या २००२च्या स्पर्धा कायद्यात भेदभावाच्या भावाची तरतूद आहे, पण ती बाजारात वर्चस्व सिद्ध झालेल्या कंपनीपुरतीच. टूथपेस्टच्या वितरकांची तक्रार त्या चौकटीत बसवणे म्हणूनच अवघड जाते. अमेरिकी कायद्यातला खर्चाचा पुरावा मागण्याचा भाग आपण घ्यायला हवा. लवकर पैसे दिले, ट्रकभर माल एका ठिकाणी उतरवून घेतला, म्हणून मिळालेली सूट योग्य. केवळ दांडगाईने मिळालेली नव्हे.

कायदा होईपर्यंत वाण्याने हात जोडून बसावे असे नाही. डीमार्टचे सामर्थ्य लवकर पैसे देण्यात आहे आणि ती गोष्ट दहा-वीस दुकानदारांनी मिळून केली तर त्यांनाही जमेल. महाराष्ट्रात एकत्र खरेदीची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९४८ मध्ये अपना बाजार उभा राहिला आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीने घराघरांच्या गटांसाठी घाऊक खरेदी करून महिन्याचा माल वाटायला सुरुवात केली. ते गिऱ्हाइकांनी केले, दुकानदारांनी का करू नये? पैशाची अडचण आहे तर नाशिकला व्यापाऱ्यांनीच १९५९ मध्ये काढलेली मर्चंट्स बँक आहे, इतर सहकारी बँका आणि पतसंस्था आहेत. वहीतली उधारी पूर्वी कोणत्याही बँकेला दिसत नव्हती. आता दुकानातले पुष्कळ व्यवहार क्यूआर कोडवर होतात आणि रोजची विक्री बँकेच्या खात्यातच उमटते. त्या नोंदीच्या आधारावर दुकानदारांच्या गटाला पंधरा-वीस दिवसांचे खेळते कर्ज दिले, तर साखर, तेल आणि साबण रोखीने, ट्रकच्या भावात घेता येतील. रविवार कारंजावरचा घाऊक व्यापारीही रोखीच्या गिऱ्हाइकाला वेगळा भाव सांगतो. तो भाव हातात आला, की सात तारखेची यादी कुठे द्यायची हे ठरवताना सिडकोतल्या घराला वाण्याचाही विचार करावा लागेल.